कणीक आणि पीठ : नवी मुंबईतील ग्लूटेनरहित अन्नव्यवसायाची पूर्वपीठिका

वाशी, नेरूळ, बेलापूर ह्या भागांत घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान दुकानांतून अलीकडे तांदळाच्या, नाचणीच्या व ज्वारीच्या पदार्थांच्या पुड्यांवर 'ग्लूटेन-मुक्त' ही अक्षरे दिसू लागली आहेत. पुड्यांत असते ते पुष्कळदा नवे नसते : भाकरीचे पीठ, घावनाचे पीठ, नाचणीचे लाडू, चकली. ठाणे-कुलाबा पट्टीतील माणसाने पिढ्यानुपिढ्या जे खाल्ले, तेच आता त्यात काय नाही हे सांगून विकले जात आहे. हा केवळ जाहिरातीचा चमत्कार मानून सोडून देता येण्याजोगा विषय नव्हे. सीलिअॅक नावाच्या विकाराने ग्रस्त असलेल्या मनुष्यास, विशेषतः लहान मुलास, त्या अक्षरांवर विसंबून घास घ्यावयाचा असतो. तेव्हा ती अक्षरे छापणाऱ्या लहान व्यावसायिकेच्या हाती भांडवल कोणते आहे आणि तिच्या मार्गातील अडचण कोणत्या काळात निर्माण झाली, ह्याचा शोध इतिहासाच्या अभ्यासकाने घेणे अस्थानी होणार नाही. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे आरंभ शब्दांपासून केला आहे.

मराठीत ज्वारीचे पीठ असते, तांदळाचे पीठ असते, नाचणीचे पीठ असते. गव्हाची मात्र कणीक असते. 'गव्हाचे पीठ' असे म्हणता येते, परंतु 'ज्वारीची कणीक' असे सामान्यतः कोणी म्हणत नाही. संस्कृत 'कण', 'कणिका' ह्यांच्याशी नाते सांगणारा हा शब्द पंजाबीत 'कणक' ह्या रूपाने साक्षात गव्हाचाच वाचक झाला आहे. क्रियापदांची वाटणीही अशीच आहे. पोळी लाटतात, भाकरी थापतात. कणीक मळतात, पुरणपोळीसाठी ती तिंबतात, तिला तार येईपर्यंत तेल-पाण्याने मऊ करीत राहतात. तांदळाच्या पिठाची मात्र उकड काढावी लागते, कारण थंड पाण्यात ते एकजीव होत नाही. जुन्या ज्वारीच्या पिठाची भाकरी चिरू लागली म्हणजे 'विरी गेली' असे म्हणतात; गव्हाच्या बाबतीत ह्या शब्दाचे काम पडत नाही. स्वयंपाकघरातील ही शब्दव्यवस्था पाहिली म्हणजे असे म्हणावयास हरकत नाही की, एका धान्याच्या पिठात लवचिक बंध उत्पन्न करणारे काहीतरी आहे आणि इतरांत ते नाही, हे मराठी भाषेने रसायनशास्त्राची वाट न पाहता नोंदवून ठेविले होते.

रसायनशास्त्राची नोंद त्या मानाने अलीकडची. बोलोन्या येथील याकोपो बेक्कारी ह्याने १७२८ साली दिलेल्या आणि १७४५ साली छापल्या गेलेल्या व्याख्यानात गव्हाचे पीठ पाण्याखाली धुऊन त्याचे दोन भाग कसे पडतात हे दाखविले. पांढरा भाग पाण्याबरोबर वाहून जातो. हाती राहतो तो चिकट, चिवट गोळा. लॅटिनमध्ये ग्लूटेन म्हणजे सरस. आपल्याकडे कुरडया करणाऱ्या बायका हीच क्रिया उलट हेतूने करीत आल्या आहेत : गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढावयाचा आणि चोथा टाकून द्यावयाचा. बेक्कारीने जे जपले त्यातले पुष्कळसे कुरडईवालीने चोथ्यात टाकले, इतकाच फरक. चरकसंहितेत गव्हाला 'संधानकृत्' म्हणजे सांधणारा असे विशेषण आले आहे. त्याचा लॅटिन सरसाशी संबंध जोडण्याचा मोह कोणासही होईल. परंतु तेथे सांधावयाचे आहे ते भग्न शरीर, कणकेचा गोळा नव्हे, हे विसरता कामा नये. 

कणीक महाराष्ट्रात नवी होती असे मात्र नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मंडक व पोलिका ह्यांचा उल्लेख आहे. मंडक म्हणजे आपला मांडा. उपड्या खापरावर पसरण्यापूर्वी हातावर झेलून वाढविलेला तो पातळ पापुद्रा ग्लूटेनावाचून क्षणभरही टिकणार नाही. पण हे राजाच्या भोजनाचे वर्णन आहे. पोळी ही सणाची आणि भाकरी ही रोजची, हा भेद देशावरही दीर्घकाळ टिकला. कोकणपट्टीत तर गव्हाला जागाच नव्हती. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात भात हे मुख्य पीक आणि वरकस जमिनीत नाचणी व वरी असेच चित्र आहे. खाडीलगतच्या खारजमिनीत बांध घालून, उघाडीतून भरतीचे पाणी अडवून आगरी व कोळी कुटुंबे जे भात पिकवीत त्यात 'काळा राता', 'भुरा राता' ह्यांसारख्या क्षार सोसणाऱ्या लालसर तांदळाच्या जाती होत्या. त्याच तांदळाच्या भाकरीवर घणसोली, कोपरखैरणे, शहाबाज, दिवाळे, करावे ही गावे जगली. लग्नकार्यात शेजारपाजारच्या बायका एकत्र जमून शेकडो भाकऱ्या थापीत, ही गोष्ट त्या गावांतून आजही सांगितली जाते.

मग गहू घरोघरी शिरला केव्हा? येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि मुंबईस येणारा तिकडचा तांदूळ बंद पडला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. तांदूळ मोजून मिळू लागला व उरलेली भूक गहू, ज्वारी, बाजरी ह्यांनी भागवावी लागली. कोकणातून आलेल्या भातखाऊ कुटुंबांत कणीक मळावयास शिकण्याचा हा काळ होय. नेमक्या त्याच युद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलंडमध्ये उलट प्रकार घडला. दुष्काळामुळे तेथे पाव मिळेनासा झाला. हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके ह्याला युद्धापूर्वीपासूनच संशय होता की, अतिसाराने खंगणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या रुग्ण मुलांना गहू बाधतो. युद्धकाळाच्या अनुभवाने त्या संशयाला बळ आले, आणि १९५० साली उत्रेख्त येथे सादर केलेल्या प्रबंधात त्याने तो प्रयोगपूर्वक मांडला. पुढे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दोष ग्लूटेनाकडे आहे, गव्हाच्या पिष्टाकडे नाही, हे दाखविले. रोगाचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल गी ह्याने १८८८ सालीच केले होते. नाव तर त्याहून फार जुने, पोटाला वाचक असलेल्या 'कोइलिया' ह्या ग्रीक शब्दावरून आलेले. परंतु कारण सापडण्यास गहू नाहीसा होण्याची वेळ यावी लागली. तिकडे तो नाहीसा होत असता आपल्याकडे तो येत होता.

पुढचा प्रवास परिचित आहे. १९५६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० खालील पहिला करार झाला व शिधावाटप दुकानांतून अमेरिकन गहू येऊ लागला. १९६६ साली मेक्सिकोतून 'लेर्मा रोहो' आदी बुटक्या गव्हाचे सुमारे १८,००० टन बियाणे आणले गेले आणि पाहता पाहता देशी गव्हाचे उत्पन्न वाढले. १९७२ च्या दुष्काळातील 'मिलो'ची आठवण वडीलधाऱ्यांच्या तोंडून अजून निघते. तो लाल ज्वारीचा प्रकार होता, म्हणजे ग्लूटेन नसलेला. पण निकृष्टतेचे प्रतीक म्हणून त्याची जी अपकीर्ती झाली तिचा काही वाटा भाकरीच्या वाट्यालाही आला असावा, असा माझा तर्क आहे. डब्यात पोळी असणे हे शहरी सुस्थितीचे लक्षण झाले. लाटणे हे क्रियापद थापण्यावर मात करून गेले.

हे ध्यानात ठेवून स्त्रियांच्या अन्नव्यवसायाकडे वळू. मुंबईत ह्या व्यवसायाची एक निश्चित परंपरा आहे आणि तिचे भांडवल नेहमी एकच राहिले आहे : राहते घर व हाताची सवय. गिरणगावातील खानावळवाल्या दहा-बाय-दहाच्या खोलीत चूल मांडून कामगारांना जेवू घालीत. घाटावरच्यास भाकरी व कोकणच्यास भात हवा, हे त्यांस विचारावे लागत नसे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन उडदाचे पापड लाटले, त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. ह्या संस्थेने रूढ केलेली पद्धत मोठी विचारपूर्वक बसविलेली आहे : पीठ केंद्रात भिजवावयाचे, गोळे सभासद भगिनींनी घरी न्यावयाचे, लाटून-वाळवून परत आणावयाचे. घर हाच कारखाना. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी खानावळवाल्यांची 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ही संघटना स्थापन केली ती ह्याच वर्गातून. सावकार व किराणा दुकानदार ह्यांच्या उधारीत बुडालेल्या ह्या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे तिचे आरंभीचे मोठे कार्य. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरण्या कोसळल्या, खानावळींचे गिऱ्हाईक पांगले. मंडळाने मात्र पुढे वाशी येथेही केंद्र उभे केले, जेथे प्रशिक्षण व नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह ह्यांची सोय झाली. गिरणगावातील चुलीची परंपरा अशा रीतीने खाडी ओलांडून नव्या शहरात आली.

ह्या सर्व व्यवसायांची पत एका शब्दावर उभी होती. तो शब्द 'घरगुती'. घरगुती म्हणजे स्वच्छ, निर्भेळ, आपल्या माणसाने केलेले. गिऱ्हाइकाला दुसरी हमी नको असे. 

नवी मुंबईत ह्या परंपरेला आणखी एक प्रवाह येऊन मिळाला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचे नवे शहर योजिले गेले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्याचे फलित मानली जाते. भातशेती व मिठागरे गेली. पुरुषांना मिळाल्या त्या नोकऱ्या कमी-अधिक. स्त्रियांच्या हातात राहिली ती भाकरी. आज ह्या गावठाणांतील बायका तांदळाच्या भाकऱ्या, घावने, मोदक ह्यांची मागणी पुरवितात. त्यांच्या गिऱ्हाइकांत पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश येथून आलेली कुटुंबेही आहेत, आणि ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीत सीलिअॅकचे प्रमाण उत्तर भारतात शेकडा एकाच्या आसपास आणि दक्षिणेत त्याहून पुष्कळच कमी आढळले. गव्हाच्या प्रदेशातील रोगी आणि भाताच्या प्रदेशातील भाकरी ह्यांची गाठ ह्या शहरात पडली आहे.

सकृद्दर्शनी हा संयोग आदर्श वाटतो. भाकरी थापणारीला काही नवे शिकावयाचे नाही. परंतु अडचण नेमकी येथेच सुरू होते.

अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय संहितेने २००८ साली ग्लूटेनरहित पदार्थासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही तीच स्वीकारली आहे. गव्हाच्या पिठात ग्लूटेनाचे प्रमाण ढोबळपणे शेकडा आठ ते दहा धरले तर ह्याचा अर्थ असा की, किलोभर तांदळाच्या पिठात गव्हाचे पीठ सुमारे पाव ग्रॅम पडले की मर्यादा संपली. ही चिमूटसुद्धा नव्हे. पोळपाटाच्या भेगेत त्याहून अधिक राहते.

आता गिरणीवर जाऊन पाहावे. दळण टाकताना गिऱ्हाईक 'तांदळावर टाका', 'गव्हावर टाका' असे सांगते. म्हणजे आधी त्याच धान्याचे दळण झालेले असावे, आपल्या पिठात भलते पीठ फार मिसळू नये. ह्या वाक्प्रयोगात गिरणीचे सारे शास्त्र आले. गिरणी क्रम जाणते, विलगता जाणत नाही. मागचे पीठ पुढच्यात थोडे येणारच हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले आहे. तांदळाचे पहिले दळण जे गव्हावर पडले, त्याने आपल्या पोटात गहू घेतला आणि मागच्या दळणाला शुद्ध केले. त्या पहिल्या दळणाचा मालक कोण, हा प्रश्न आजवर कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

भाजणीची कथा निराळी. चकलीच्या भाजणीत बहुधा तांदूळ व डाळीच असतात, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. नाव दोहींचे एकच. मेतकुटात गहू मूठभर असतो. कोंबडीवड्यांच्या पिठातही तो अनेक घरी पडतो, आणि घालणारीला तो गौण वाटल्यामुळे विचारल्यावर आठवतही नाही. हिंगाचा प्रकार तर अधिकच फसवा. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, म्हणजे डिंक आणि पिष्ट अथवा धान्याचे पीठ ह्यांत बांधलेला. ते पीठ पुष्कळदा मैदा असते. निव्वळ उडदाचा, निव्वळ मुगाचा म्हणून केलेला पदार्थ फोडणीतून किंवा मसाल्यातून गव्हापर्यंत पोचतो तो असा. नावांचाही घोटाळा आहे. मराठीत सातू म्हणजे जव, आणि जवात ग्लूटेन आहे. बिहारकडचा सत्तू हा मुख्यतः भाजलेल्या हरभऱ्याचा, त्यात स्वभावतः ते नाही. वाशीच्या एकाच दुकानात हे दोन्ही शब्द बोलणारी माणसे येतात. 'रवा' म्हटले की गव्हाचा, परंतु इडलीचा रवा तांदळाचा, 'शेवया' दोहींच्या. लेबलावर केवळ रूढ नाव छापणे म्हणजे वाचणाऱ्याच्या बोलीवर त्याचे आरोग्य सोपविणे होय.

ह्याहून मोठी अडचण घराची. लाटणाऱ्या भगिनींच्या घरी गोळे देण्याची पद्धत कोणी ह्या नव्या मालास लावू म्हणेल, तर ती लागू पडणार नाही. कारण १९४३ नंतर त्या प्रत्येक घरात कणकेचा डबा आला आहे, आणि पोळपाट-लाटणे एकच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या दिवाळे किंवा करावे गावातील घर हे न सांगता, न तपासता जवळजवळ ग्लूटेनरहित होते. आज तेच घर, तोच हात आणि तीच भाकरी असूनही ते तसे राहिलेले नाही. ज्या 'घरगुती' शब्दावर खानावळवालीची पत होती तो शब्द ह्या एका व्यवसायात हमी देईनासा झाला, किंबहुना तो धोक्याची सूचना झाला. प्रारंभ करणारीने मग काय करावे? वेगळी खोली, निदान वेगळा ओटा. स्वतःची लहान घरघंटी, जिच्यात गहू कधीच पडणार नाही. धान्य अखंड घेऊन स्वतः निवडणे व धुणे, कारण बाजार समितीतून येणाऱ्या गोणीत पूर्वी काय होते हे तिला ठाऊक नसते. आणि मालाची प्रयोगशाळेकडून तपासणी. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरविली. त्यामुळे दार सोपे झाले. पण नोंदणी ही घराची होते, पिठाची नव्हे. ८० रुपयांत पापड सुरू करता आले, खानावळ तर उधारीवर चालली. हा व्यवसाय मात्र पहिल्या दिवसापासूनच दुसरे स्वयंपाकघर मागतो. ज्या गावठाणांत एका खोलीवर दुसरी चढविण्याखेरीज जागा उरलेली नाही, तेथे ही मागणी लहान नाही.

आपल्या समाजात अशा विलगतेची पूर्वपरंपरा अगदीच नव्हती असे नाही. उपवासाच्या पदार्थांत गहू चालत नाही. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा ह्या सर्वांत स्वभावतः ग्लूटेन नाही. त्यांचे पीठ वेगळे दळावे, भांडे वेगळे असावे, हा दंडक घरोघरी पाळला गेला. काही विक्रेत्यांना म्हणूनच असे वाटते की उपवासाचे ते सर्व रोग्यास चालेल. येथे सावध राहिले पाहिजे. उपवासाचे विधिनिषेध मन राखण्यासाठी होते. त्यांत प्रमाद झाल्यास प्रायश्चित्ताची सोय होती, आणि नकळत झालेला स्पर्श बहुधा दोष मानला जात नसे. आतड्याला नकळत आणि कळून हा भेद नाही. तथापि शिकवण देताना ह्या जुन्या सवयीचा उपयोग होऊ शकतो. 'उपवासाचे दळण असल्यासारखे सांभाळा' हे सांगणे कोणत्याही परिपत्रकापेक्षा गावठाणातील बाईला लवकर कळेल, मग उरलेले पाव ग्रॅमचे गणित तिला समजावून देता येईल.

शेवटी पुडीवरील त्या दोन शब्दांविषयी. मराठीत 'मुक्त' हे उत्तरपद बंधनातून सुटका दर्शविते : ऋणमुक्त, रोगमुक्त, भारमुक्त. जे आधी होते ते गेले असा त्याचा ध्वनी आहे. ज्या तांदळात ग्लूटेन कधी नव्हतेच त्याला 'मुक्त' म्हणणे शब्दशास्त्राच्या दृष्टीने बरोबर नाही. 'रहित' हे अधिक नेमके. हा केवळ व्याकरणाचा आग्रह नव्हे. आंतरराष्ट्रीय संहितेनेही हा भेद केला आहे : ज्यातून ग्लूटेन काढून टाकले असा खास आहार वेगळा, आणि स्वभावतःच ग्लूटेन नसलेला पदार्थ वेगळा, दुसऱ्याला खास आहार म्हणवून घेता येत नाही, तो स्वभावतः ग्लूटेनरहित आहे एवढेच सांगता येते, तेही वरील मर्यादा पाळून. 'तांदळाच्या भाकरीचे पीठ, स्वभावतः ग्लूटेनरहित, गहू न दळल्या जाणाऱ्या घरघंटीवर दळलेले' इतका मजकूर लहान पुडीवरही मावतो. त्यातील शेवटचा भाग छापण्यास किती जणी तयार होतात, हे येत्या काही वर्षांत नवी मुंबईच्या दुकानांतून फिरून नोंदविण्याजोगे आहे. विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने ते काम अंगावर घ्यावे.